तळघर सजवताय? आधी लाईनचा कागद करा

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या काही जुन्या घरांना अजून तळघर आहे. कुणाच्या घरी त्यात धान्याच्या कोठ्या होत्या, कुणाकडे सरकी नि पोती, कुणाकडे लग्नकार्याची मोठी भांडी. मे महिन्यात वर अंगाची लाही होत असताना खालची फरशी गार असायची, म्हणून दुपारी मंडळी तिथेच आडवी व्हायची. आता धान्य वर्षभराचं भरत नाहीत, पोती गेली, भांडी भाड्याने मिळतात. तळघर रिकामं झालं आहे. शिकायला किंवा नोकरीला नागपूर, पुणे, भोपाळ नाहीतर त्याहून लांब गेलेली मुलं सुट्टीत घरी येतात आणि त्यांना ती रिकामी जागा दिसते. अभ्यासाची खोली होईल, घरून काम करायला जागा होईल, पाहुण्यांची सोय होईल, असे बेत सुरू होतात.

मी शिक्षणाने आणि धंद्याने इलेक्ट्रिकलचा माणूस. त्यामुळे नात्यातली, ओळखीतली मुलं फोन करतात. पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "दादा, खाली कोणते लाईट लावू?" मी उलट विचारतो: "खाली पाणी शिरलं, तर लाईन कुठून बंद करशील?" या प्रश्नाचं उत्तर "खालच्या बोर्डावरून" असं असेल, तर दिव्यांची निवड थोडी थांबू द्या. वरच्या मजल्यावरची खोली आणि तळघर यांत फरक हाच, की वर वायरिंग चुकलं तर बहुतेक वेळा त्रास होतो, खाली चुकलं तर माणूस जाऊ शकतो. घरात मागे राहतात ते आई-बाबा किंवा आजी-आजोबा. लाईट गेली, पाणी आलं, की खाली उतरून बघणारे तेच असतात.

पोळ्याला भिंत बघा, काम दिवाळीनंतर

तळघराचं काम कधी काढायचं याचं वेळापत्रक आपल्या सणांतच आहे. पोळा श्रावण अमावास्येला, दुसऱ्या दिवशी जांब नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार. त्या निमित्ताने बरीच मंडळी गावी येतात. तोवर पाऊस अडीच-तीन महिने पडून गेलेला असतो. तळघराची भिंत खरं बोलते ती याच दिवसांत. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत पोळ्याला कंबरेपर्यंत ओली असू शकते.

आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसून भेगाळते. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने जमिनीखालच्या भिंतींना चिरा पडतात आणि ओल आत येते. म्हणून पोळ्याला आलात की तीन गोष्टी करा. भिंतीवर ओल कुठवर चढली आहे ती रेषा खडूने आखा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की आजवर खाली सर्वांत जास्त पाणी कधी आणि किती आलं होतं, आणि तीही रेषा भिंतीवर आखा. मग दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतं आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, म्हणजे हवा खेळती करायला हवी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

ओल थांबवण्याचं काम आधी, वायरिंग नंतर, रंग सर्वांत शेवटी. दिवाळीपासून पुढे कोरडे महिने मिळतात, तेव्हा हे क्रमाने करता येतं. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून ओल्या भिंतीवर आठ दिवसांत सगळं उरकू नका.

दिल्ली आणि न्यूयॉर्क काय सांगतात

२७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्ये एका शिकवणीच्या इमारतीच्या तळघरात पावसाचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडाले. त्या तळघराला परवानगी होती ती वाहनं उभी करण्याची आणि सामान ठेवण्याची. वापर होत होता तो वाचनालयासारखा. त्याआधी १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री न्यूयॉर्क शहरात आयडा वादळाच्या पावसात ११ माणसं तळघरातल्या घरांमध्ये गेली. एक श्रीमंत देश, एक आपली राजधानी, आणि गोष्ट तीच.

या दोन्ही ठिकाणी जीव घेतला तो पाण्याने. पण वायरिंगचा आराखडा करणाऱ्याला यातून दोन गोष्टी शिकायच्या आहेत. तळघर हळूहळू भरत नाही, बघता बघता भरतं. आणि त्या गडबडीत कुणीतरी सामान वाचवायला किंवा मेन बंद करायला खाली धावतं. पाण्यात बुडालेला एक सॉकेट त्या माणसासाठी पुरेसा आहे. म्हणून नगरपालिकेत आधी विचारा की तळघराचा कोणता वापर चालतो. झोपायची खोली तिथे करू नका. बाहेर पडायला दुसरी वाट किंवा माणूस निघेल एवढी खिडकी करता येते का ते मिस्तरीशी बोला. आणि वायरिंगचा पहिला नियम लिहून ठेवा: तळघराची वीज वरूनच बंद करता आली पाहिजे, पायरी न उतरता.

बोर्ड वर, खालची लाईन वेगळी

तळघरासाठी मीटरजवळच्या मुख्य बोर्डातून स्वतंत्र लाईन घ्या. खालच्या लाईनीचे सगळे ब्रेकर वर, कोरड्या जागी, हाताला येतील असे बसवा. जिन्याचा दिवा मात्र तळघराच्या लाईनीवर घेऊ नका, तो वरच्या मजल्याच्या लाईनीवर ठेवा. खालचा ब्रेकर पडला तरी जिना उजळलेला राहतो आणि माणूस धडपडत नाही.

ब्रेकर दोन प्रकारचे लागतात, आणि इथे बहुतेकांचा घोळ होतो. एमसीबी तारेची राखण करते. तारेतून झेपेल त्याहून जास्त करंट गेला, किंवा शॉर्ट झालं, तर ती पडते. माणसाची राखण करते ती आरसीसीबी. तिचं काम हिशेबनिसासारखं आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. कमी आला, तर बाकीचा कुठेतरी गळतो आहे, कदाचित ओल्या भिंतीतून, कदाचित कुणाच्या अंगातून. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचण्याच्या आतच ती पडायला हवी, आणि पडायला तिला सेकंदाचा तिसरा हिस्साही लागत नाही.

३० मिलिअँपिअर म्हणजे किती? जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब २३० व्होल्टवर साधारण २६० मिलिअँपिअर घ्यायचा. त्याचा जवळपास नववा हिस्सा. दिव्यांच्या लाईनीवरची ६ अँपिअरची एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर, ३० च्या दोनशेपट. एवढा करंट माणसाच्या अंगातून जाण्याची वाट एमसीबी बघत बसेल. "आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही" हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर हीच मर्यादा धरली आहे.

परदेशातल्या आपल्या मंडळींना हेच उपकरण जीएफसीआय या नावाने ओळखीचं असेल. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९६१ मध्ये ते घडवलं. अमेरिकेत ते ५ मिलिअँपिअरच्या आसपास पडतं आणि तिथल्या २०२० च्या विद्युत संहितेत तळघरातल्या नेहमीच्या सगळ्या सॉकेटना ते सक्तीचं झालं, मग तळघर सजवलेलं असो वा नसो. आणखी एक गोष्ट तिकडच्यांसाठी: तिथून हौसेने आणलेला दिवा १२० व्होल्टचा असतो. तो इथल्या २३० व्होल्टला लावण्याआधी त्यावरचा आकडा वाचा.

आरसीसीबीलाही मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर तिच्या हिशेबात काहीच गळत नाही आणि ती पडत नाही. तिच्यावर "टी" लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. पडली तर ठीक, नाही पडली तर त्या दिवशीच बदला. हे काम आजोबांनाही जमतं.

अर्थिंग आणि आपली काळी माती

जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी दोनच तारा आहेत, फेज आणि न्यूट्रल. तीन पिनांचा सॉकेट बसवलेला असतो, पण वरचं मोठं भोक रिकामंच असतं. काही ठिकाणी तर ते न्यूट्रललाच जोडून दिलेलं असतं. न्यूट्रल कुठे तुटला तर अशा सॉकेटवरच्या फ्रिजच्या, कॉम्प्युटरच्या पत्र्यावर थेट करंट येतो. तळघराचं काम काढताना हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत आणि प्रत्येक धातूच्या दिव्यापर्यंत गेलीच पाहिजे.

अर्थिंगसाठी साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा आणि किमान अडीच मीटर लांबीचा जीआय पाईप उभा गाडतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम लागतं, कारण ओली काळी माती करंट चांगला वाहून नेते. पण एप्रिल-मेमध्ये ती आकसते आणि पाईपपासून सुटते. म्हणून खड्ड्यावर झाकण असलेली छोटी चौकट बांधा आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घाला. अर्थिंग मोजायचं यंत्र वायरमनकडे मागा, आकडा कागदावर लिहून घ्या, आणि शक्य असेल तर पुन्हा मेमध्ये मोजा. उन्हाळ्यातला आकडाच खरा.

तारा वरून खाली

आता लोडचा हिशेब. समजा अभ्यासाची खोली आहे. ९ वॅटचे सहा एलईडी म्हणजे ५४ वॅट, पंखा ७५, एक्झॉस्ट ४०, कॉम्प्युटर २००, चार्जिंग वगैरे १००. बेरीज ४६९ वॅट, म्हणजे जेमतेम दोन अँपिअर. हे किरकोळ आहे. पण कुणी म्हणालं की पुढे एसी लावू, तर दीड टनाचा एसी एकटाच दीड हजार वॅटच्या पुढे जातो. तो विचार आजच करून तार टाकून ठेवा.

साधारण वाटणी अशी: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ६ किंवा १० अँपिअरची एमसीबी, १६ अँपिअरच्या सॉकेटना अडीच चौरस मिलिमीटर, एसीला चार चौरस मिलिमीटर आणि त्याची स्वतःची एमसीबी. पाणी उपसायची मोटर असेल तर तिची लाईन आणि आरसीसीबी वेगळी ठेवा. मोटरमध्ये बिघाड झाला म्हणून खोलीचे दिवे जायला नकोत. तार आयएसआय शिक्क्याचीच घ्या. जुनी ॲल्युमिनियमची तार दिसली तर तिला तांब्याची तार पिळून जोडू देऊ नका; ओलीत असा जोड गंजतो, ढिला पडतो आणि तापतो. पूर्ण बदला.

जुनी भिंत दगड-मातीची किंवा चुन्याची असेल, तर तिला खाचा पाडून तार आत दडवायचा मोह टाळा. भिंत कमजोर होते आणि खाचेत ओल साचते. भिंतीवरून चांगल्या पीव्हीसी पाईपमधून तार न्या. दिसायला थोडं कमी, पण उघडून बघता येतं आणि उंदरांपासूनही तार वाचते. तारा छतावरून खाली उतरवा, फरशीतून वर नेऊ नका. सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर, आणि खडूने आखलेल्या सर्वांत वरच्या रेषेच्या किमान फूटभर वर. यांपैकी जे उंच असेल ते धरा. जोड फक्त जंक्शन बॉक्समध्ये, पाईपच्या आत एकही नको.

उजेड: आधी जिना, मग खोली

तळघरात सर्वांत महत्त्वाचा दिवा जिन्याचा. त्याला टू-वे स्विच हवेत, एक वर पहिली पायरी उतरण्याआधी आणि एक खाली. म्हाताऱ्या माणसांसाठी पायरीची कड उठून दिसली पाहिजे, म्हणून दिवा असा लावा की उतरणाऱ्याची स्वतःची सावली पायरीवर पडणार नाही.

खोलीसाठी थोडं गणित करू. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन उजेड पडला की तो एक लक्स. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. सर्वसाधारण वावराला १५० लक्स धरले तर १६५० ल्युमेन टेबलाच्या उंचीवर पोचायला हवेत. भिंती आणि छत निम्मा उजेड खातात असं धरलं तर ३३०० ल्युमेनचे दिवे हवेत. ९ वॅटचा चांगला एलईडी साधारण ९०० ल्युमेन देतो, म्हणजे चार दिवे झाले. वाचायला ३०० लक्स लागतात, ते टेबललॅम्पने भागवा. उरलेला एखादा दिवा कपाटाकडे. भिंती पांढऱ्या ठेवल्या तर तेवढ्याच दिव्यांत खोली मोठी वाटते. अभ्यासाला ४००० केल्विनचा उजेड बरा, बसण्या-बोलण्याला ३००० चा पिवळसर. ६५०० चा पांढराफटक उजेड खिडकी नसलेल्या खोलीत दवाखान्यासारखा वाटतो.

तळघराचं छत बहुधा ठेंगणं असतं. तिथे छताचा पंखा नको, हात वर केला की पात्याला लागेल. भिंतीचा पंखा लावा. लटकते दिवेही नकोत. ओलसर भिंतीजवळ आयपी ६५ लिहिलेले बंद दिवे घ्या. कूलर तर खाली नेऊच नका. तो हवेत आणखी ओल सोडतो. लाईट जाण्याचं आपल्याकडे नवल नाही, म्हणून जिन्यात आणि खोलीत बॅटरीवर आपोआप पेटणारा एकेक दिवा असावा.

इन्व्हर्टर आणि सिलिंडर

जागा रिकामी आहे म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी तळघरात ठेवू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि बंद जागेत तो साचतो. शिवाय इन्व्हर्टरच्या दिव्यांचा न्यूट्रल आणि बाकीच्या लाईनीचा न्यूट्रल एकत्र बांधला, तर आरसीसीबीचा हिशेब चुकतो आणि ती सारखी पडते. मग कुणीतरी वैतागून ती काढून सरळ जोडून देतं, आणि घरातली सर्वांत मोलाची वस्तू कायमची जाते. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर दोष शोधा, ती काढू नका.

गॅसचा सिलिंडर, भरलेला किंवा रिकामा, तळघरात कधीच नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली जाऊन बसतो आणि एका स्विचची ठिणगी त्याला पुरते. वरच्या स्वयंपाकघरात सिलिंडर जिन्याच्या तोंडाशी असेल तर त्याची जागाही बदला. तळघरात गॅसचा वास आला तर दिवा लावू नका आणि बंदही करू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा.

लांब राहणाऱ्यांनी करायचं काम

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. संपल्यावर मेगरने इन्सुलेशन तपासायला सांगा. किमान १ मेगाओहम आला पाहिजे. तोही आकडा लिहून घ्या. हे विचारायला आई-बाबांना संकोच वाटतो. "मिस्तरी आपल्या ओळखीचा आहे, त्याला काय विचारायचं" असं ते म्हणतात. तिथे तुमचा फोन उपयोगी पडतो. विचारणारा तिसरा माणूस असला की कुणाचं मन दुखत नाही.

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो टेप धरून काढायला सांगा आणि घरच्या ग्रुपवर ठेवा. पाच वर्षांनी खिळा ठोकताना तेच कामी येतील. कोणत्या ब्रेकरवर काय आहे याची चिठ्ठी मराठीत आणि हिंदीत करा, कारण उद्या दुरुस्तीला येणारा वायरमन कोणत्याही भाषेचा असू शकतो. ती मोठ्या अक्षरांत छापून बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. आजीला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे एवढी मोठी. शेवटची ओळ सगळ्यांसाठी सारखीच राहू द्या: खाली पाणी दिसलं तर पायरी उतरू नका, आधी हा स्विच पाडा.